पेंटरकाकांची सरळ मान

पेंटरकाकांची मान कैक वर्षं डावीकडे कललेली. पाट्या रंगवताना तशी धरायची सवय, पुढे ती तशीच राहून गेली. आणि दुखायची तर इतकी की रात्री कूस बदलायची म्हटलं तरी घाम फुटायचा. शेवटी मुलीने हात धरून त्यांना थेरपीवाल्या बाईंकडे नेलं. काका नाक मुरडत गेले. दाबून-चोळून माणसं सरळ झाली असती तर जगात वाकडं कुणी उरलंच नसतं, असं त्यांचं म्हणणं.

बाईंनी हाडं कडाकडा मोडली नाहीत की काही नाही. पालथं झोपवलं, खांद्याच्या फऱ्याखाली कोपर टेकवलं आणि नुसत्या थांबल्या. मग मानेमागचा कडकपणा अंगठ्यांनी सावकाश सैल करत गेल्या. काका कण्हले, वैतागले, एकदा तर चक्क घोरले. असं बरेच दिवस चाललं आणि मान खरोखर सरळ झाली. दुखणं गेलं. आरशात बघून काकांनाच हा कोण ते कळेना.

घोळ झाला तो पुढेच. मुलगी चष्म्याचं दुकान काढत होती, आणि पाटी बाबांनीच रंगवायची हे ती शाळेत असल्यापासून ठरलेलं. काकांनी पत्रा भिंतीला टेकवला आणि एका दमात तिचं नाव रंगवलं. मागे सरकून बघतात तर काय, ओळ उजवीकडे वर चढत गेलेली. रॉकेलने पुसली, पुन्हा रंगवली, पुन्हा चढली. या माणसाने उभ्या जन्मात आखायला दोरी न धरता सरळ ओळी काढल्या होत्या. आता मान सरळ तर ओळ वाकडी. डोळे बिघडले, हात बिघडला, का आपणच बिघडलो? काकांचं डोकं चालेना.

ते तडक बाईंकडे गेले. "मला होतो तसा करून द्या."

"काका, वाकडं करायला मला कुणी शिकवलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तुमचा हात अजून जुन्या मानेच्या अंदाजाने चालतोय. शिकेल हळूहळू. तोवर दोरी धरा."

"दोरी नवशिके धरतात," काका म्हणाले आणि चपला घालून निघाले.

दुकान उघडायच्या आदल्या दिवशी मुलगी पाटी न्यायला आली. बघते तर बाबा मान मुद्दाम डावीकडे वाकवून, दात आवळून रंगवतायत. अक्षरं अगदी सरळ उतरत होती.

"बाबा, मान सरळ करा."

"ओळ चढते गं."

"चढू दे."

"अगं, चष्म्याचं दुकान तुझं. लोक हसतील."

"हसू देत. तुमचं कण्हणं ऐकत मोठी झालेय मी. ते माझ्या दारावर नको."

काकांनी ब्रश खाली ठेवला. मग त्यांनी पाटी पुसली, मान सरळ केली आणि नाव पुन्हा लिहायला घेतलं.

आता लोक दारात थांबतात, पाटीकडे बघतात, डोळे चोळतात आणि तपासून घ्यायला आत येतात. मुलगी म्हणते, "तुमचे डोळे ठीक आहेत. माझ्या बाबांची मान बरी झालीय."

काका कोपऱ्यात बसून हे ऐकतात. लाजावं की मिरवावं, त्यांना अजून कळलेलं नाही. सवयीने हात मानेकडे जातो, आणि तिथे काहीच दुखत नसतं.