खोबरेल लावलेली पट्टी

रामचंद्रच्या हाताला लहानपणापासूनची खोड होती. लोखंड दिसलं की त्यावर खोबरेल फिरवायचं. त्यात त्याचं तरी काय चुकलं? खाऱ्या वाऱ्यात कोयता चार दिवस कोरडा ठेवून बघा! घरात डोक्याला तेल नसलं तरी कोयत्याला असायचंच.

पण दत्तात्रेयराव ओव्हरसियरांच्या पोलादी पट्ट्या म्हणजे काही कोयते नव्हते. १९३४ साली हरिहरेश्वरच्या अलीकडे खाडीत धक्क्याचं काम चाललं होतं. पायाचा खड्डा रेतीत. दोन्ही कडांना फळ्या आणि त्यांना तोलून धरणारे आडवे धिरे. रेती फळ्यांना किती रेटते हे कळावं म्हणून ओव्हरसियर फळीमागे एक पातळ पट्टी उभी पुरत आणि मग ताणकाटा लावून वर ओढत. रेतीनं जितकी आवळून धरलेली, तितका काटा जास्त. खालच्या टप्प्याला काटा निम्म्यावरच थांबला. ओव्हरसियर खूश झाले. "रेटा कमीच आहे, एकाआड एक धिरा काढा," म्हणाले.

पट्ट्या सांभाळणारा रामचंद्र तिथंच उभा होता. पट्टी पुरण्याआधी आपण तिला तेल चोळलंय, हे त्याला लख्ख आठवलं. रेती ढिली नव्हती, पट्टीच निसटली होती. बोलायला त्यानं तोंड उघडलं, आणि दोन महिन्यांपूर्वी लागलेली नोकरी आठवून मिटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे भाकरी खात असताना फळ्या आत आल्या. खड्ड्यात एकटा धर्माजी सुतार होता. माणूस वाचला, पण डावा पाय गुडघ्यापासून गेला. "सुतारानं न विचारता ठोकाठोक केली, म्हणून फळ्या हलल्या," असं ओव्हरसियरांनी ठरवून टाकलं आणि त्याच निम्म्या धिऱ्यांवर खड्डा पुन्हा उपसायला घेतला.

रामचंद्रला अन्न गोड लागेना. कुणी नुसतं 'तेल' म्हटलं तरी तो दचके. चोराच्या मनात चांदणं. शेवटी एका सकाळी तो धर्माजीच्या पडवीत गेला आणि त्याच्या खाटेशी बसून सगळं ओकला. धर्माजीची बायको बायजा पेज घेऊन तशीच उभी राहिली.

"ठावं हाय," धर्माजी म्हणाला. "पुरताना पट्टी मीच धरली व्हती. खोबरेलाचा वास आला मला."

"मग बोललास का न्हाय, दादा?"

"तुझी नोकरी गेली असती. म्हटलं, काढलेले धिरे जेवणाच्या सुट्टीत गुपचूप परत बसवू. दोन बसले. तिसऱ्याला रेती थांबली न्हाय."

रामचंद्र ढसाढसा रडू लागला. माफी मागू लागला. मनातलं बोलून टाकल्यानं त्याला जरा हलकंही वाटत होतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटत होती.

धर्माजी त्याच्याकडे बघतही नव्हता. "उन्हं कुठवर आली गो?" त्यानं बायजाला विचारलं.

"अंगणात आली."

"म्हंजे आपले गडी, विठोबा आन् गुणाजी, उतरले असतील खड्ड्यात." आता तो रामचंद्रकडे वळला. "आन् तू हितं माझ्यापाशी रडत बसलायस?"

धक्का तिथून दीड मैल होता. रामचंद्र धावत सुटला.