काळ्या रसाची सवय

बादली गप्प होती. टाकीतून निघालेली नळी पाण्याच्या बादलीत बुडवलेली असते. आत यीस्ट कामाला लागलं की बादलीत सारखे बुडबुडे येतात. सकाळपासून एक नाही.

"ताई, झाकण ढिलं असेल," मिस्त्री म्हणाला. स्वतःलाच धीर देत होता बिचारा. झाकण घट्ट होतं. ऊब बरोबर, आंबटपणा बरोबर. माझं पित्त खवळलं आणि मी त्यालाच उगाच झापलं.

पेंढा उकळून आम्ही रस काढतो. यीस्ट तो आंबवतं, त्यातून गाड्यांचं इंधन मिळतं. ऐकायला सोपं. पण उकळताना त्या काळ्या रसात विषं उतरतात, आणि बाजारातलं यीस्ट त्यात मान टाकतं. माझं टाकत नसे. थेंब थेंब रस पाजून वर्षानुवर्षं मी त्याला निगरगट्ट केलं होतं. फ्रीझर बिघडून ठेवणीतले नमुने गेले, तेव्हापासून घरच्या बाटलीत होतं तेवढंच उरलं होतं. आज बस कंपनीची माणसं बघायला येणार होती. दाखवायला काही नसेल तर कारखाना भंगारात काढणार, असं मालकीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

टाकीतल्या थेंबात रंग मिसळून तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मेलेल्या पेशी निळा रंग पितात. सगळं निळंशार.

घरी फोन लावला. मी हॉस्पिटलात पडून होते तेव्हा बाटली नवऱ्याच्या हवाली केली होती.

"अहो, बाटलीत काळाच रस घालत होतात ना?"

"तो? छे! तो घातला की मलूल पडायचं गं. मी साखरेचं पाणी दिलं. उकळून, गार करून. काय फसफसायचं म्हणून सांगू!"

लाडावून ठेवलं होतं. विष पचवायची सवय पार मोडली होती. आणि घरी आल्यावर तो फेस बघून मीही भुलले, तेच वाढवून टाकीत ओतलं.

"काळाच घाला म्हणून बजावलं होतं ना? स्वतःची अक्कल कोणी पाजळायला सांगितली होती?"



"डॉक्टर धड काही सांगत नव्हते," ते म्हणाले. "मला वाटलं, हे तगलं तर तूही तगशील. मग त्याला ते विष पाजायला हात धजेना."

एवढा राग आला होता, तो आता कुणावर काढू? पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं म्हणजे परत तेवढी वर्षं. बाहेर फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय सांगू त्यांना?"

"सगळं मेलंय," मी म्हटलं. फोन कानाला तसाच होता.

"अगं, कोण मेलं?" नवऱ्याचा आवाज चिरकला. "कोण मेलं?"

"मी आहे हो," मी म्हटलं. "मी आहे." आणि तिथेच टाकीला टेकून खाली बसले आणि रडले.