उभं वल्हं

मार्चमध्ये मुंबईत स्फोट झाले आणि त्यांचा माल आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर उतरला होता असं पेपरात आलं, तेव्हापासून पनवेलच्या कोळीवाड्याकडे बघायची लोकांची नजरच फिरली. म्हावरं घ्यायला येणाऱ्या बायकासुद्धा भाव करता करता विचारायला लागल्या, तुमच्यातल्या कुणी बघितलं होतं का हो? आता यावर काय बोलणार, कपाळ! माल उतरला ती जागा इथून कुठल्या कुठं. पण समुद्र एक, म्हणजे कोळीही एकच, असं लोकांनी धरूनच टाकलं होतं.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असताना सुकाण धरणाऱ्या सगळ्या तांडेलांना शहरातल्या एका हॉलमध्ये बोलावणं आलं. बोलायला उदयसिंह साहेब. फौजेतून निवृत्त होऊन नवीन पनवेलला राहायला आलेले, किनाऱ्याच्या बंदोबस्तासाठी सल्लागार म्हणून नेमलेले. माणूस सरळ. ते म्हणाले, आजवर आपण सरहद्दीवर रणगाडे उभे केले आणि निवांत झोपलो. आता शत्रू गणवेश घालून येत नाही, होडीतून येतो आणि तुमच्यासारखाच दिसतो. तेव्हा देश राखायची रीतच बदलायला हवी. काशिराम तांडेल पुढच्या रांगेत बसून मान डोलवत होता. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतंच.

मग हुकूम निघाले. खाडीतल्या सगळ्या होड्यांना एकच निळा रंग लावायचा आणि पुढच्या टोकाला नाळेवर नंबर घालायचा. अनोळखी होडी दिसली तर जवळ जायचं नाही, मागं फिरून चौकीवर वर्दी द्यायची. काशिरामची होडी गस्तीसाठी भाड्याने घेतली गेली आणि तिच्यावर प्रभाकर नावाचा हवालदार आला. हा सोलापूरकडचा, जन्मात समुद्र न पाहिलेला. पहिले आठ दिवस बिचारा डोलकाठीला मिठी मारूनच बसला होता.

रंगाची गंमत अशी, की कोळीवाड्यात दर घराचा आपापला रंग असायचा. काशिरामची होडी हिरवी, तिच्यावर तांबडा पट्टा. त्याचा मेहुणा हिराजी, त्याची पिवळीधमक. लांबून ठिपका दिसला तरी बायका बंदरावरून सांगायच्या, अमक्याची आली. नारळी पौर्णिमेला सगळ्या होड्या निळ्या होऊन पाण्यात उतरल्या तेव्हा शाळेला निघालेल्या पोरींसारख्या दिसत होत्या. काशिराम तेव्हा पोट धरून हसला होता.

दिवाळी झाली आणि एका दुपारी वारा फिरला. गस्तीची होडी खाडीच्या तोंडाशी होती. लांबवर एक निळी होडी पाण्यात खोल बसलेली दिसली, आणि तिच्यावर एक वल्हं उभं राहिलं. वल्ह्याला कापड बांधलेलं होतं.

याचा अर्थ कोळ्याच्या पोराला सांगावा लागत नाही. उभं वल्हं दिसलं की हातातलं जाळं कापून टाकायचं आणि जायचं, कोण आहे ते मग विचारायचं, असं काशिरामला त्याच्या बापानं शिकवलं होतं. एका साली होडी बुडताना काशिरामनंच असं वल्हं उभं केलं होतं. तेव्हा अंगात रग असलेला, ना ओळखीचा ना पाळखीचा असा एक पोरगा भरलेलं जाळं सोडून आला होता. तोच हिराजी. त्यावरच तर बहीण सोनाबाई त्याला दिली.

"साहेब, बुडतेय ती. जायला पायजे," काशिराम म्हणाला.

प्रभाकरनं डोलकाठी घट्ट धरली. "नंबर दिसतो का?"

"जवळ गेल्याबिगर कसा दिसंल?"

"मग नाही, तांडेल. हुकूम आहे. ती माणसं खाली वाकून काय करतायत, आपल्याला ठाऊक नाही."

पाणी उपसत असतील, असं काशिराम म्हणाला. असतीलही, प्रभाकर म्हणाला, पण नसतील तर? घरी तुमचीही पोरं आहेत, माझीही आहेत. सुकाण काशिरामच्या हातात होतं, ते कुणी हिसकावून घेतलं नव्हतं. पण हॉलमधलं ते एक वाक्य त्याच्या डोक्यात जाऊन बसलं होतं, तुमच्यासारखाच दिसतो. परत असला माल उतरला आणि या वेळी खरोखरच कोळ्यानं बघितलेला निघाला तर? त्याच्याच हातानं होडी वळवली.

चौकीवर वर्दी गेली, तिथून मुंबईला फोन गेला, मोठी बोट निघेल असं उत्तर आलं. काशिराम बंदरावर उतरला तर सोनाबाई टोपली घेऊन उभी. सगळ्या होड्या आल्या होत्या, एक सोडून. आमचे कुठं दिसले का, असं तिनं सहज विचारलं. काशिराम तसाच उलटा होडीकडं धावला.

मग हुकूम गेला खड्ड्यात. सारा कोळीवाडा होड्या घेऊन सुटला आणि पहिल्या होडीत प्रभाकर स्वतः चढला, डोलकाठी न धरता. पण ओहोटी लागली होती, अंधार पडला होता. सकाळी तिवरांत अडकलेलं वल्हं तेवढं सापडलं. मोठी बोट त्यानंतर आली.

उदयसिंह साहेब भेटायला आले. त्यांनी टोपी हातात घेतली. काशिरामला म्हणाले, "जवळ जा असा हुकूम काढतो. पण उद्या खरंच तसली होडी निघाली आणि तुम्ही मेलात, तर? मला कळत नाही, तांडेल. खरंच कळत नाही." काशिरामला तरी कुठं कळत होतं!

तेवढ्यात सोनाबाई माणसांतून पुढं आली. वल्हं तिच्या हातात होतं, त्याला अजून तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला होता.

"दादा, ह्ये उभं दिसलं व्हतं का तुला?"

प्रभाकर मध्येच म्हणाला, मीच होडी वळवायला लावली, बाई. तुला नाय इचारत, ती म्हणाली, ह्याला इचारतेय.

"दिसलं," काशिराम म्हणाला. "पन तुमची होडी वळखली नाय गं. सगळ्याच निळ्या."

सोनाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"वळख कशाला लागते, दादा? त्यांनी तवा इचारली व्हती का तुला?"

मग तिनं ते वल्हं खांद्यावर घेतलं आणि ती घराकडं चालायला लागली.