बेचाळीस रकाने

मेणखडू पूर्ण लांबीचा दिला की तीन वर्षांचं मूल तो मुठीत धरतं. अडीच सेंटिमीटरचा तुकडा दिला की मुठीत धरायला जागाच उरत नाही. अंगठा आणि दोन बोटं आपोआप पुढे येतात. शिकवावं लागत नाही. मी वर्गावर होते तेव्हा नवे कोरे खडू पट्टी लावून मोडायची. मुलं मला खडूताई म्हणायची. शिपाईमामा विचारायचे, "ताई, घरी कपबश्या तरी शाबूत ठेवता ना?"

तो तुकड्यांचा डबा आता माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. मी वरच्या मजल्यावर बसते.

या खोलीच्या एका भिंतीला काच आहे. तिच्यातून खालचा शिशुवर्ग दिसतो. चोवीस डोकी दिसतात, आवाज येत नाही. काच उघडत नाही. खुर्ची मागे सरकवली की कपाटाला लागते, पुढे घेतली की गुडघा खणावर आपटतो. तीन वर्षांत उजव्या गुडघ्यावर काळा डाग पडला आहे.

मी पर्यवेक्षिका झाले ती एका तक्त्यामुळे. विज्ञान शिकल्यामुळे मला अंदाजपंचे बोलणं जमत नाही. 'मूल छान प्रगती करतंय' म्हणजे नक्की काय? म्हणून मी प्रत्येक मुलासाठी बेचाळीस रकान्यांचा तक्ता केला. एका पायावर तीन सेकंद उभं राहतं का, स्वतःची बटणं लावतं का, कात्रीने सरळ रेषेवर कापतं का. दर शुक्रवारी खूण करायची. 'अजून नाही' असेल तर कारणं आणि पुढची योजना वेगळी लिहायची, तीन पानं. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या संचालिकांना, तक्ता इतका आवडला की त्यांनी मलाच उचलून वर बसवलं. आता नवी शाखा उघडणार होती आणि तिची मुख्याध्यापिका मी व्हायचं होतं. होकाराच्या कागदावर सही शुक्रवारी चारपर्यंत.

मला जायचं नव्हतं. मला खाली, वर्गावर परत जायचं होतं. हे मला आठ महिने माहीत होतं आणि मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

सांगणार कशी? सुरुवातीला सासूबाई पाहुण्यांना म्हणायच्या, "शिक्षण केवढं, आणि करते काय, तर लोकांच्या पोरांची नाकं पुसते." आता त्या फोनवर 'आमच्या हेडबाई' म्हणतात. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी चामड्याची बॅग आणली.

"कापडी पिशवी खांद्याला अडकवून मुख्याध्यापिका शोभते का?"

"आई, अजून सही व्हायचीय," नवरा म्हणाला.

"होईल की. नाही म्हणायला ती काय खुळी आहे?"

दोघंही हसली. मी बॅगेची चेन उघडून बंद करून पाहिली. चांगली चालत होती.

शुक्रवारी सकाळी तक्ते तपासताना मुंगीचा तक्ता हातात आला. मुंगी ही शिशुवर्गातली सगळ्यात लहान मुलगी. सतत काहीतरी उचलून नेत असते, म्हणून हे नाव. कात्रीच्या रकान्यात बरोबरची खूण होती. मुंगी डावखुरी आहे हे काचेतूनही दिसतं. डाव्या हाताची कात्री शाळेत नाही हेही मला माहीत होतं, कारण सामानाच्या यादीवर सही माझी असते. साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकींपासून लांब होतात. कागद कापला न जाता मधे दुमडतो. ती खूण शक्यच नव्हती.

मी खाली गेले. वर्गताई गुडघे टेकून कुणाची तरी ओली चड्डी बदलत होती.

"मुंगीला कात्री कधी जमली?"

"नाही जमली, ताई."

"मग खूण?"

तिने मान वर केली. "खरं सांगू? 'अजून नाही' लिहिलं की तीन पानं भरा. खूण केली की सुटलो. पोरं घरी गेली की बसते आणि दे दणादण. सगळ्याच करतात. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

चोवीस गुणिले बेचाळीस. एक हजार आठ खुणा. तीन वर्षं मी तक्ते भरलेत का, एवढंच पाहत होते. एकही खूण मुलाशेजारी बसून ताडून पाहिली नव्हती. मोजण्याआधी उपकरण तपासा, हे प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोही मोजूनमापून.

"रागावलात?"

"तुझ्यावर नाही."

"मग याचे हात तेवढे धुऊन आणा," असं म्हणून तिने तो मुलगा माझ्याकडे दिला.

हात धुतले. मग वीतभर उंचीच्या खुर्चीवर बसले. शेजारी मुंगी होती, समोर जाड रेघ मारलेला कागद. तिने कात्री दोनदा चालवून पाहिली. कागद दुमडला. कात्री बाजूला ठेवून तिने कागद बरोबर रेघेवर दुमडला, घडीवरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि जीभ बाहेर काढून इंच इंच फाडला. कडा सरळ आली. माझ्या तक्त्यात याला रकाना नव्हता.

"कात्री बावळट आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट पाहिलं. "तू काचेत राहतेस ना?"

"हो."

"शू कुठे करतेस?"

"बाहेर येऊन."

"मग परत कशाला जातेस?"

उत्तराची तिला गरज नव्हती. ती कागदाचे दोन्ही तुकडे उचलून निघून गेली होती.

चार वाजता मोठ्या बाईंनी कागद आणि पेन पुढे सरकवलं. "नव्या शाखेत तुमचाच तक्ता लावू. साठ रकाने करू या का?"

"तक्ता खोटा आहे, बाई." मी सगळं सांगितलं, वर्गताईचं नाव न घेता.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, मग तिथे जाऊन सुधारा! त्यासाठीच तर तुम्ही हव्यात."

कुठूनही निघालं तरी वाट त्याच खुर्चीपाशी येत होती.

"वरून दिसत नाही," मी म्हणाले.

"वर्गावर बसायला कुणीही मिळतं. जिना चढलेलं माणूस असं उतरतं का? घरचे काय म्हणतील तुमचे?"

घरचे काय म्हणतील ते मला शब्दन् शब्द ठाऊक होतं. मांडीवर सासूबाईंची नवी बॅग होती. आत फक्त खडूच्या तुकड्यांचा डबा होता. मी पेनाला टोपण लावलं.

"डाव्या हाताच्या दोन कात्र्या मागवाव्या लागतील," मी म्हणाले.

"कुणासाठी?"

"शिशुवर्गासाठी. चोवीस मुलांना एक ताई पुरत नाही. मी सही करणार नाही, बाई. सोमवारपासून मी खाली, वर्गावर."