किटीआजीचा चमचा

मित्रांनो, डब्लिनच्या पश्चिमेला ओंगार नावाची नवी वस्ती आहे. तिथल्या एका मराठी स्वयंपाकघरात, हळद आणि हिंगाच्या डब्यांमागे एक काळवंडलेला चहाचा चमचा पडलेला दिसेल. तो मी. अंगाला हिंगाचा वास लागलाय आणि तो काही केल्या जात नाही. मी स्वभावानं फटकळ आहे आणि माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून कुरकुर नको.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका कारखान्यात झाला. आतून साधा धातू, वरून चांदीचा मुलामा. आम्ही भावंडांनी निळ्या मखमलीच्या पेटीत बसून समुद्र ओलांडला आणि आयर्लंडातल्या किलकेनीला किटी फेलन नावाच्या नव्या नवरीच्या आहेरात जाऊन पडलो. बाकीची भावंडं कुठे गेली ते विचारू नका. घरातले चमचे कुठे जातात ते देवालाच ठाऊक. मी टिकलो, कारण किटीनं मला कामाला जुंपलं. उकडलेलं अंडं माझ्यानंच फोडायचं, जॅमच्या बरणीत मीच उतरायचं, लेकीला खोकल्याचं औषधही मीच पाजायचं. तिची लेक ऊना दात येताना मला कराकरा चावायची. ते व्रण अजून माझ्या कडेवर आहेत.

किटीच्या घरी एक रीत होती. तिच्याच कशाला, सगळ्या गावाची होती. पाहुण्याला चहा विचारला की तो म्हणणार, "नको, मी ग्रँड आहे," म्हणजे माझं ठीक आहे, काही नको. पुन्हा विचारलं तरी नको. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग "बरं, तुझ्यासाठी म्हणून" असं म्हणत स्वारी खुर्ची पुढे ओढणार. आणि यजमानीण तिसऱ्यांदा विचारायला चुकली, तर तिची गावभर नालस्ती व्हायची.

पुढे किटीचा नवरा गेला. तो घरी गेला नाही की धड खाटेवरही गेला नाही. हॉस्पिटलात वॉर्डात जागा नव्हती, म्हणून त्याला कॉरिडॉरच्या बोळात चाकांच्या ट्रॉलीवर ठेवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात तो तिथेच संपला. किटी शेजारी उभी होती. त्या दिवसापासून तिनं एकच धसका घेतला. म्हातारपणी पाय गेले, तेव्हा ऊनानं तिला आपल्या घराजवळच्या नर्सिंग होममध्ये आणलं. किटीनं मला पर्समध्ये टाकून बरोबर नेलं. पहिल्याच दिवशी तिनं तिथल्या मुख्य नर्सला, केरळच्या शीजा सिस्टरना, खिडकीजवळचा पलंग दाखवून बजावलं, "मी मरेन ती इथे. मला ट्रॉलीवर घालायचं नाही." शीजा सिस्टरनी मान डोलावली. सगळ्या घराला ते माहीत होतं.

आणि मग शर्वाणी आली. नागपूरची, चाळिशीच्या आतली, नवरा इंद्रनील इथल्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. लग्नाआधी तिला नर्सिंगला जायचं होतं, तेव्हा घरच्यांनी "लोकांची घाण काढायला शिकवलं का तुला?" म्हणून गप्प बसवलं होतं. इथे आल्यावर त्या इच्छेनं पुन्हा उचल खाल्ली. नर्सच्या हाताखाली काम करणाऱ्या सहायकांचा अभ्यासक्रम असतो, त्याला तिनं नाव घातलं. वर्गातलं शिक्षण झालं की नर्सिंग होममध्ये प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं, तेव्हाच प्रमाणपत्र. त्यासाठी ती आमच्याकडे आली.

एवढ्या वयाच्या बाईला नुसतं "किटी" म्हणायला तिची जीभ रेटेना. तिनं "किटीआजी" सुरू केलं. किटीनं अर्थ विचारला आणि अशी खूश झाली की शेजारच्या खोलीतल्यांनाही सांगत सुटली. अंघोळ घालताना, केस विंचरताना शर्वाणी तिच्याशी मराठीत बडबडायची. ऐकून ऐकून मीही शिकलो. आता तुमच्याशी बोलतोय ते त्याच पुण्याईवर!

वर्गातल्या गमतीही ती सांगायची. "आजी, आज बाईंनी आम्हाला एकमेकांना दही भरवायला लावलं. मला भरवणारी मुलगी इतकी घाईची, मी म्हटलं ही मला मारते आता!" दोघी खळखळून हसल्या. धडा असा होता, की भरवणाऱ्यानं समोर बसावं, अर्धा चमचा द्यावा, गळ्याकडे बघावं, गिळलं की मगच पुढचा द्यावा, आणि तोंड मिटलं की थांबावं. शर्वाणीला हे तोंडपाठ होतं. त्यात ती कुठे कमी पडली नाही.

तिला बिस्किटाची रीतही आजीनंच शिकवली. पहिल्यांदा विचारलं, नको. दुसऱ्यांदा, नको. शर्वाणी डबा मिटायला लागली, तर आजी डोळे वटारून म्हणाली, "अगं, तिसऱ्यांदा विचारायचं असतं!" शर्वाणी टाळ्या पिटत म्हणाली, "अय्या, अगदी आमच्यासारखंच! आमच्याकडे पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, आणि आम्ही त्या हातावर पोळी वाढतो." मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. आता आठवलं की मुलामा खरवडून काढावासा वाटतो.

हिवाळ्यात आजीला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं जड झालं आणि गिळणं बिघडलं. गिळण्याचा इलाज करणाऱ्या बाई तपासून गेल्या. सगळं वाटून मऊ करायचं, चहासुद्धा पावडर घालून दाट करायचा, मोठा चमचा बंद. म्हणजे काम माझ्याकडे आलं. शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. आजी दमली की घशातली दारं नीट मिटत नाहीत, अन्न श्वासाच्या वाटेनं उतरतं. दमलेली दिसली की थांबा, वाटी भरलेली राहिली तरी चालेल.

पण आजीचं वजन उतरत चाललं. इतरांच्या हातून ती दोन चमचेही घेईना. शर्वाणीच्या हातून मात्र खायची. मग काय, कौतुकच कौतुक! शीजा सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या हातात काहीतरी आहे बाई." ऊना तर तिला मिठीच मारायची. शर्वाणी रिकामी वाटी सगळ्यांना दिसेल अशी धरून स्वयंपाकघरात न्यायची. मीही फुशारलो होतो. वाटी चाटूनपुसून रिकामी करण्यात चमच्याला सुख असतं, खोटं कशाला बोलू!

आजीचं वजन करायचं होतं, त्याच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट. वजन आणखी घटलं तर डॉक्टर आजीला हॉस्पिटलात पाठवतील, ही धास्ती शर्वाणीनं मनात घेतली होती. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. जेवणात गाजर, बटाटा आणि कोंबडी वाटून केलेला लगदा होता. अर्धी वाटी झाली आणि आजी हळूच म्हणाली, "मी ग्रँड आहे."

"एकच घास, आजी. माझ्यासाठी."

आजीनं ओठ मिटले. मी ओठांना टेकलो होतो, मला कळलं, ते थरथरत होते. तिनं मान खिडकीकडे वळवली. शर्वाणी मला घेऊन त्या बाजूला गेली आणि लाडानं म्हणाली, "उद्या वजन आहे ना? तुला ट्रॉलीवर जायचंय का? मग खा बघू."

आजीनं तिच्याकडे पाहिलं. फार दमली होती ती. पण समोरचं माणूस तिसऱ्यांदा विचारत होतं, आणि तिसऱ्यांदा नाही म्हणायची तिला आयुष्यात सवय नव्हती. "बरं, तुझ्यासाठी म्हणून," असं पुटपुटत तिनं तोंड उघडलं.

शर्वाणीला हुरूप आला. तिनं एक दिला, मग दुसरा, मग आणखी. मित्रांनो, मी आत जात होतो, मला दिसत होतं. आधीचे घास गालात तसेच साठले होते. मी ओरडलो असतो, पण चमच्याला कुठला आवाज! शर्वाणीची नजर गळ्यावर नव्हती, वाटीवर होती.

वाटी रिकामी झाली आणि आजीचा श्वास अडकला. खोकलाही येईना. ओठ निळे पडले. शर्वाणी जिवाच्या आकांतानं किंचाळली, मी फरशीवर पडलो. शीजा सिस्टर धावत आल्या, आजीला पुढे वाकवून पाठीत थापा मारल्या, नळीनं घशातलं ओढून काढलं. श्वास आला, पण छातीत घरघर घेऊन आला. गुदमरलेल्या माणसाला अॅम्ब्युलन्स बोलावल्याशिवाय इलाज नसतो. तिघांनी मिळून आजीला उचललं आणि ट्रॉलीवर घातलं.

कोणीतरी मला विसळून आजीच्या पिशवीत टाकलं, गाउन आणि कवळीबरोबर. म्हणून मी पुढचंही पाहिलं. हॉस्पिटलात वॉर्डात जागा नव्हती. बोळात भिंतीला लागून ट्रॉल्यांची रांग होती, त्या रांगेत आमची. समोरचा माणूस मांडीवर पिशवी ठेवून चिप्स खात होता. वरचा दिवा कोणी विझवत नव्हतं. आजीनं मास्कआडून विचारलं, "ऊना, माझी खिडकी कुठाय?" ऊना म्हणाली, "जाऊ हं मम्मी, लगेच जाऊ." खाट मिळायच्या आत आजी गेली. तिच्या तोंडात काही घालायची मनाई होती, त्यामुळे मी पिशवीतून बाहेरच आलो नाही.

शर्वाणीनं त्याच दिवशी शीजा सिस्टरना सगळं सांगितलं होतं. "आजीनं तोंड मिटलं होतं, तरी मी भरवलं," असं सरळ. सिस्टरनी ते कॉलेजला आणि वरिष्ठांना कळवलं, तिचं काम थांबवलं आणि तिला घरी पाठवलं. ऊनाला मात्र एवढंच कळलं होतं, की जेवताना ठसका लागला.

नंतर ऊना खोली रिकामी करायला आली, आणि शर्वाणी तिला भेटायला. ऊनानं तिला जवळ घेतलं. "तू नसतीस तर ती महिनाभर आधीच उपाशी मेली असती. तुझ्याच हातून जेवायची ती." असं म्हणत तिनं पिशवीतून मला काढलं आणि शर्वाणीच्या हातात ठेवलं. "हा तू ठेव. तिला आवडलं असतं."

तेवढ्यावर भागलं असतं, मित्रांनो. शर्वाणीनं मला घेऊन रडत घरी जायचं होतं, बस. कोणी तिला विचारलं नव्हतं. पण तिच्यानं ते आभार घेववेनात.

"ती नको म्हणाली होती," शर्वाणी म्हणाली. "तीनदा. मी हॉस्पिटलची भीती घातली आणि भरवलं."

ऊना पलंगाच्या कडेवर बसली. चादर सरळ करू लागली. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगितलंस? म्हातारी होती, तिची वेळ झाली, असं मी मनाला पटवत आणलं होतं. आता मी काय करू?"

शर्वाणीनं मला तिच्यापुढे धरलं. ऊनानं हात मागे घेतला. "नको. माझ्या घरात मला तो बघवणार नाही."

ते नको खरं होतं. शर्वाणीनं पुन्हा विचारलं नाही. असा मी ओंगारला आलो. आहेरात आलेला मी, शेवटी कोणालाच नकोसा झालो. इंद्रनील म्हणाला, "फेकून दे गं, कशाला मनस्ताप?" तिनं फेकलं नाही, वापरलंही नाही. डब्यांमागे सरकवलं.

कॉलेजनं तिला परत शिकायची परवानगी दिली. दुसऱ्या नर्सिंग होममध्ये तिनं पहिल्यापासून काम केलं आणि आता ती तिथेच नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात सासरे पुरुषोत्तमराव नागपूरहून आले होते. त्यांनी शिष्टाचारानं ताटावर हात आडवा धरला, तशी शर्वाणीनं पोळी तत्काळ मागे घेतली. बिचारे अर्धपोटी उठले आणि लेकाकडे तक्रार केली, "सूनबाई हात आखडता घेते रे." शर्वाणी ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि हुंदक्यांनी तिचे खांदे हलत होते.

परवा ती कामावरून आली, बूट न काढताच खुर्चीत बसली आणि इंद्रनीलला म्हणाली, "आमच्याकडच्या एक बाई आज गेल्या. चार दिवस खात नव्हत्या. मुलगा म्हणत होता, भरवा, काहीतरी भरवा. मी चमचा खाली ठेवला आणि ओठ ओले करत नुसती बसले. त्यांच्याच पलंगावर गेल्या त्या." मग ती पुष्कळ रडली. ती कोणासाठी रडत होती हे त्या घरात मला एकट्याला पुरतं माहीत आहे.

मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला टाकू नका, वापरा, पुसा. माझं तसलं काही मागणं नाही. मला हिंगाच्या वासात राहू दे. पण तुमच्या घरी कोणी दुखणाईत असेल आणि तुम्ही प्रेमानं भरवत असाल, तर वाटीकडे बघू नका, त्या माणसाच्या ओठांकडे बघा. ते मिटले की मला खाली ठेवा. उठून मात्र जाऊ नका.