ओडेलचा ताजा हात

मी बेसबॉलच्या मैदानात कुंपणामागे राखीव पिचरांपाशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांपाशी बसतो. मॅनेजरचा फोन आला की तो सांगेल त्याला मैदानात धाडायचं, एवढंच माझं काम. बावीस वर्षं हेच करतोय.

त्या दुपारी आम्ही परगावी होतो. नववा म्हणजे शेवटचा डाव, सामना बरोबरीत, बॅटिंग त्यांची आणि तिन्ही बेसवर त्यांचे गडी. एक रन झाला की खेळ खलास. फोन वाजला.

"टकरला पाठव," मॅनेजर वॉल्ट ग्रेडी म्हणाला.

"टकर? अरे, या आठवड्यात तीनदा मार खाल्लाय त्यानं! आपला सगळ्यात भारी पिचर ओडेल इथे सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलाय, वॉल्ट!"

"ओडेल आपण पुढे असलो की. आघाडी राखायला. ठरलंय ना आपलं?"

"आघाडी मिळेपर्यंत सामना जिवंत तरी राहायला नको का?"

त्यानं फोन आपटला. टकर गेला. त्याच्या दुसऱ्याच चेंडूवर सणसणीत फटका बसला आणि समोरची पोरं नाचायला लागली. ओडेलनं बियांची पुडी माझ्या हातात कोंबली आणि उठला.

मी तडक ग्रेडीकडे गेलो. तो बुटाच्या नाड्या सोडत होता.

"जाऊ दे रे," तो म्हणाला. "ओडेलचा हात तरी ताजा राहिला."

"कशासाठी?" मी ओरडलो. "आज हंगाम संपला, वॉल्ट! एप्रिलपर्यंत त्या हाताचं काय लोणचं घालू?"