फाटकापर्यंतचा बर्फ

शुभ्र. दिशांना दिशा उरू नये इतकं शुभ्र. उजाडलं म्हणावं तर सूर्य नाही, रात्र सरली नाही म्हणावं तर अंधार नाही. आकाशातून झिरपणाऱ्या निस्तेज, मौक्तिकवर्ण प्रकाशात अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या टेकड्या पाठ फिरवून निजलेल्या. सफरचंदाच्या बागेतली झाडं काळीभोर, निष्पर्ण, नि:शब्द. आणि त्यांच्यावर, त्यांच्यामधून, त्यांच्यापलीकडे हिमवर्षाव. अविरत, अनाहत, कुणाचीही झोप न मोडणारा. पावसाला निदान बोलता तरी येतं. बर्फाला तेही येत नाही.

या शुभ्रतेच्या मधोमध एक घर. घराच्या धुराड्यातून धुराची एक करडी रेघ. घरापासून फाटकापर्यंत जाणारी वाट एरवी बागेला वळसा घालत, उतार उतरत, ओढ्यावरचा लाकडी साकव ओलांडत जाते. तोंडात पान टाकून चालायला लागावं, तर फाटक येण्याआधी ते रंगून संपावं, इतकी ती लांब. आज ती नव्हतीच. दुतर्फा रोवलेल्या नारिंगी काठ्यांची टोकं तेवढी वर उरलेली, आणि त्या टोकांवरून समजून घ्यायचं की इथे खाली कुठेतरी रस्ता आहे.

ती वाट आज मोकळी व्हायला हवी होती. आज ऊर्मिला जाणार होती.

ऊर्मिला ही आप्पासाहेब इंगवल्यांची सून. सून आहे म्हणायचं की होती म्हणायचं, याचा निकाल आप्पांना अजून लावता आलेला नव्हता. कराडजवळची उसाची जमीन भावकीच्या हवाली करून, एकुलत्या एक प्रतापच्या हट्टापायी म्हातारपणी या हिमभूमीत आलेला हा बाप. आणि गेल्याच्या मागल्या हिवाळ्यात, बागेत छाटणी करता करता, हृदयाने दगा दिलेला तो मुलगा. मागे उरले सासरा आणि सून. एका घरात दोन माणसं होती, आणि दोघंही एकटी होती.

लग्नाचा विषय आप्पांनीच काढला. तिने कानांवर हात ठेवले, तरी काढला. शिरीष नावाचा एक शिक्षक, शहरातल्या शाळेत शिकवणारा, बायको निवर्तलेली, पदरात एक लहान मुलगी. आप्पांनी त्याला जेवायला बोलावलं, समोर बसून आग्रहाने वाढलं, आणि तो उठल्यावर त्याचं पान न्याहाळलं. त्याने पानात काही टाकलं नव्हतं. आप्पांना तेवढं पुरलं.

उद्या शहरात नोंदणी पद्धतीने लग्न. आप्पा जाणार नव्हते.

"जनावरं कुनाच्या भरवशावर सोडू?" ते म्हणाले होते. "गोठ्यात दोन गाई हायत. त्यास्नी काय सांगू, लगीन हाय, आज दूध नगं देऊ म्हनून?"

ती हसली होती. पण कारण गाईंचं नव्हतं. नव्या घराच्या उंबऱ्यावर जुन्या घराची सावली पडू नये, असं त्या वृद्ध मनाने ठरवून टाकलं होतं, आणि एकदा ठरवलं की आप्पा म्हणजे आप्पा.

मग काल संध्याकाळी बर्फ सुरू झाला. काचेला कपाळ टेकून ऊर्मिला बराच वेळ बाहेर बघत राहिली. म्हणाली, "हा थांबला नाही तर नाही जमायचं, आप्पा. कदाचित जाऊच नये, असं असेल." हलक्या आवाजात म्हणाली, सहज म्हणाली, पण त्या आवाजात एक सुटका होती, आणि आप्पांना ती ऐकू आली. आज ही राहिली की उद्याही राहील. उद्या राहिली की कायमची राहील. आपल्याला चहा करून देता देता, आपली औषधं हातावर ठेवता ठेवता, हिचे हे काळेभोर केस याच खिडकीत पांढरे होतील. याची आप्पांना भीती वाटत होती. आणि खरं सांगायचं तर त्यांना हेच हवंही होतं.

सकाळी कानटोपी, मफलर, त्यावर प्रतापचा जाड कोट, असा सगळा जामानिमा करून आप्पा गोठ्याशेजारच्या छपरात गेले. इंजिन गोठू नये म्हणून ट्रॅक्टर रात्रभर विजेच्या तारेवर उबेला लावलेला होता. तांबडा, जुना, जागोजागी रंग उडालेला; पुढे रुंद पोलादी पातं, डोक्यावर नुसतं आभाळ. किल्ली फिरवली तसा तो खोकला, थरथरला, पुन्हा खोकला, आणि काळ्या धुराचा एक लोट त्या निष्कलंक पहाटेच्या तोंडावर सोडून सुरू झाला. आप्पांना बरं वाटलं. या सगळ्या मुक्या मुलखात तो एकटाच त्यांच्यासारखा कुरकुरत कामाला लागायचा.

पातं खाली टेकलं. पहिला बर्फ दुमडला, उचंबळला, शुभ्र लाटेसारखा कडेला कलंडला. मागे उघडी पडली काळी, ओली, वाफाळती भुई.

जन्मभर त्यांनी ट्रॅक्टर चालवला होता तो नांगरायला. फाळ रुतावा, माती उलथावी, मागे बगळ्यांची माळ यावी, आणि फाळाने पाडलेल्या त्या तासात पुढे काहीतरी पेरायचं असावं. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात ते असेच पातं रुतवून बसले होते, आणि प्रताप पोट धरधरून हसला होता. "आप्पा, बर्फ नांगरायचा नसतो. लोटायचा असतो." लोटायला ते शिकले. पण ज्या तासात काही पेरायचं नाही, त्या तासाची सवय त्यांना कधी झाली नाही.

वळण आलं, गेलं. साकव आला, गेला. पुढे जायचं, मागे यायचं, पुन्हा पुढे जायचं. डाव्या हाताला शुभ्र, उजव्या हाताला शुभ्र, मध्ये एक काळी ओळ हळूहळू लांबत चाललेली. नाकपुड्यांत गोठणारा श्वास. भुवयांवर साचणारी शुभ्र भुकटी. बोटं बधिर झाली की आप्पा ती काखेत धरत आणि तोंडाने ट्रॅक्टरला शिव्या देत, कारण दुसरं कुणी जवळ नव्हतं.

प्रत्येक फेरीला घर थोडं लहान होत होतं. आणि प्रत्येक फेरीला त्यांना कळत होतं की ही वाट आपण साफ करतोय, ती कुणाच्या येण्याची नाही. आपल्या हाताने, आपल्या डिझेलने, आपण आपलं घर रितं करतोय.

फाटकापाशी बांध होता. रात्री हमरस्ता मोकळा करणारी सरकारी गाडी जाताना सगळा बर्फ इथे रेटून गेली होती. रस्त्यावर टाकलेलं मीठ खाऊन, दाबून, गोठून त्याचा कमरेइतका दगडी बांध झालेला. आप्पांनी पातं भिडवलं. बांध हलला नाही. मागे घेतलं, वेगात भिडवलं. चाकं जागच्या जागी फिरली, त्यांच्यावरच्या साखळ्या खणखणल्या, ट्रॅक्टर तिरका सरकला आणि थांबला. आप्पांनी इंजिन बंद केलं.

आणि मग ती शांतता. विराट, धवल, निराकार शांतता. कानांत भरून छातीपर्यंत उतरणारी. बर्फ पडत होता. कोटावर, चाकावर, नुकत्याच उघड्या केलेल्या काळ्या वाटेवर पुन्हा एक झिरझिरीत पदर अंथरत होता.

आप्पा तसेच बसून राहिले. आता काहीच करायला नको होतं. बांध फुटत नाही, एवढं घरी जाऊन सांगितलं की झालं. ते खोटंही नव्हतं. ती शिरीषला फोन करेल, बॅग उघडेल, साड्या परत कपाटात ठेवेल, आणि दुपारी दोघं ज्वारीची भाकरी आणि मेथी खातील. वर घराकडे त्यांनी पाहिलं. खिडकीत दिवा होता, दिव्यापाशी ती होती. इतक्या दूरवरून तिचं तोंड दिसत नव्हतं, फक्त ती कुणाच्यातरी सांगण्याची वाट बघत उभी आहे, एवढं दिसत होतं.

मला एकटं राहायचं नाही, असं आप्पा मोठ्याने म्हणाले. मराठीत म्हणाले, झाडांना म्हणाले. झाडांनी ते ऐकून घेतलं.

मग त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि किल्ली फिरवली.

बांध समोरून फुटत नाही, कडेने फुटतो. भावकीचा असो की बर्फाचा. आप्पांनी पातं तिरकं केलं आणि एका अंगाने कुरतडायला घेतलं. एक ढेप सुटली. दुसरी सुटली. जबडे आवळून, पाठीचा कणा पिळवटून, वितीवितीने ते आत शिरत राहिले. आणि शेवटची ढेप रस्त्याकडेला कोलमडली तेव्हा पलीकडचा हमरस्ता समोर आला, ओला, काळा, थेट शहराकडे गेलेला.

घरी परतल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "वाट झाली गं पोरी. आवर."

ओटी भरणं हे बायकांचं काम; पण घरात दुसरी बाई कुठली? आप्पांनी बधिर बोटांनी तिच्या पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, वर पुष्कळ दिवस जपून ठेवलेलं सासूचं डोरलं ठेवलं. तांदळाचे दाणे उंबऱ्यात सांडले. हातावर दही-साखर दिली. ती वाकली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अजून पडतोय," ती डोळे पुसत म्हणाली. "मी गेल्यावर लगेच एक फेरी मारा, आप्पा. नाहीतर दुपारपर्यंत भरेल आणि अडकून पडाल. गॅसची गाडीसुद्धा आत यायची नाही."

"व्हय, व्हय. मारतो की."

"नक्की ना?"

"आगं, मी काय कुक्कुलं बाळ हाय? जा तू. अंधाराच्या आत पोच, आन् पोचली की फोन कर."

"येते, आप्पा."

"ये."

गाडी निघाली. निळी, लहानशी गाडी. काळ्या वाटेवरून उतरली, वळणावर लपली, साकवावर पुन्हा दिसली, फाटकापाशी पोचली. तिथे ती क्षणभर थांबली. मग ती वळली आणि गेली. घराच्या ओसरीवर एक म्हातारा हात वर करून उभा होता, आणि बघायला कुणी नव्हतं.

बर्फाने जोर धरला. बघता बघता काळी वाट करडी झाली, करडी वाट पांढरी झाली. ट्रॅक्टर अजून उबदार होता, किल्ली खिशात होती. नुसतं जाऊन बसायचा अवकाश. आप्पा गेले नाहीत.

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठोपाठ घर झाडत नाहीत. ते पोचल्याचं कळेपर्यंत केरसुणीला हात लावत नाहीत. माणूस गेल्याबरोबर मागे झाडून घेतात, धुऊन घेतात, ते फक्त एकाच जाण्याला. आणि तसं झाडणं, तसं धुणं या घराने प्रतापच्या वेळी एकदा पाहिलं होतं. पुन्हा नको. उंबऱ्यातले तांदूळ आप्पांनी ओलांडले, पण उचलले नाहीत. आता बर्फ लोटणं म्हणजे काही केर काढणं नव्हे, असं कुणी शहाणा म्हणेल. म्हणो. शहाण्यांच्या मुली अशा बर्फात निघालेल्या नसतात.

म्हणून आप्पा खिडकीत बसून राहिले. तिच्या चाकांच्या दोन रेघा आधी खोल होत्या, मग उथळ झाल्या, मग डोळे बारीक केले तरच दिसू लागल्या. आपण कोंडले जातोय हे त्यांना कळत होतं. आज रात्री एवढा साचेल की उद्या एकट्याने, या पाठीने, ही वाट उपसणं होणार नाही. पण ती रस्त्यात होती. ती रस्त्यात असेपर्यंत तिच्यामागे पातं फिरणार नव्हतं. मध्ये उठून त्यांनी गाईंना वैरण घातली, स्वत:साठी चहा ठेवला, आणि सवयीने दोन कप पाणी घातलं. चहा तसाच पडून राहिला.

दिवेलागणीला फोन वाजला.

"पोचले, आप्पा." तिच्या आवाजामागे भांड्यांचा आवाज होता, माणसांचा होता, एका लहान मुलीच्या धावत्या पावलांचा होता. "रस्ता ठीक होता. तुम्ही जेवलात का? गोळ्या घेतल्यात?"

"समदं झालं."

"आणि वाट? केलीत ना साफ?"

आप्पांनी खिडकीतून पाहिलं. नारिंगी काठ्यांची टोकंसुद्धा आता दिसत नव्हती. घर, गोठा, बाग आणि फाटक यांच्यामध्ये काही नव्हतंच. एकच अखंड, अक्षत, अथांग पांढरेपणा.

"केली की. कवाच. लख्ख हाय बग, आरशावानी."

"मग मी निश्चिंत. पाडव्याला आम्ही सगळे येतो."

"या की," आप्पा म्हणाले. "वाट मोकळीच हाय."

फोन ठेवला. दिवा लावला. खिडकीच्या काचेत एक म्हातारा दिसला, आणि त्याच्या चेहऱ्याआरपार बर्फ पडत राहिला. साकवावर, वळणावर, फाटकावर, कुणी न आलेल्या, कुणी न झाडलेल्या त्या सगळ्या लांबलचक वाटेवर, हळूहळू, हळूहळू, पडत राहिला.